मराठीतली लकब, उर्दूतला लक़ब
कार्टूनमधल्या नकला, पालुपदे आणि आपली मुले

मगरिबच्या आधीचा अर्धा तास आमच्या घरात टीव्हीचा असतो. मी शाळेतून येऊन चहा टाकते, धाकटा मुलगा रिमोट घेऊन बसतो आणि 'मोटू पतलू' सुरू होते. मी स्वयंपाकघरात असले तरी पुढे काय होणार ते मला नुसत्या आवाजावरून कळते. मोटूला समोसे दिसणार आणि त्याचा तोल जाणार. अडचण आली की रिकाम्या पोटी आपले डोके चालत नाही, असे तो सांगणार. घसीटाराम कुठलेही काम हाती घेताना त्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव असल्याची बढाई मारणार. इन्स्पेक्टर चिंगम ऐटीत हवेत गोळी झाडणार आणि वरून काहीतरी त्याच्याच डोक्यावर पडणार.

एकदा न राहवून मी विचारले, "बेटा, रोज तेच तर दाखवतात. कंटाळा नाही येत?"

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "अम्मी, तेच येणार म्हणून तर बघतो."

मी वीस वर्षे मुलांना भाषा शिकवते, एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही. विनोदाबद्दल इतके नेमके वाक्य मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते. आपण मोठी माणसे कार्टूनला 'फालतू' म्हणून मोकळे होतो. पण आपली मुले विनोदाचे पहिले धडे तिथेच गिरवतात आणि ते धडे दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतात. त्यांतला एक धडा माझ्या वर्गात एका मुलाला फार महागात पडला. ते सांगण्याआधी हा विनोद चालतो कसा, ते पाहू.

तकिया-कलाम आणि पालुपद

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्याला मराठीत 'पालुपद' म्हणतात, उर्दूत 'तकिया-कलाम'. तकिया म्हणजे उशी. बोलताना माणूस ज्या शब्दावर टेकून घटकाभर विसावतो, तो त्याचा तकिया-कलाम. पंडित रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आज़ाद' ही कादंबरी १८७८ पासून लखनौच्या 'अवध अख़बार'मधून क्रमशः छापून येऊ लागली. तिच्यातला खोजी नावाचा किरकोळ अंगाचा, अफू खाणारा, बढाईखोर माणूस नायकापेक्षा जास्त लोकप्रिय झाला. तो कोणाशीही भांडण उकरून काढतो, मार खातो आणि दर वेळी हळहळतो की आपल्याजवळ करौली, म्हणजे कट्यार, असती तर दाखवून दिले असते! करौली कधी हाती येत नाही आणि खोजीची खुमखुमी कधी जिरत नाही. घसीटारामाचा 'वीस वर्षांचा अनुभव' खोजीच्या करौलीचाच नातू आहे.

कार्टूनला हे पालुपद फार सोयीचे पडते. एक भाग जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा. तेवढ्यात नवी पात्रे उभी करायला सवड नसते. मूल मधूनच येऊन बसले, तरी चिंगमने बंदूक वर केली की त्याला सगळे कळते. गंमत नुसत्या पुनरावृत्तीतही नसते. गोळी झाडल्यावर काहीतरी पडणार हे ठाऊक असते, पण कधी आणि कसे पडणार हे ठाऊक नसते. जे होणार ते आपल्याला आधीच कळले आहे आणि त्या बिचाऱ्या इन्स्पेक्टरला अजून कळलेले नाही, ह्या फरकात मुलाला मोठेपण मिळते. घरात आणि शाळेत दिवसभर सगळे त्याच्यापेक्षा जास्त जाणते असतात. निदान इथे तरी तो जाणता असतो.

अस्सलच्या आधी नक्कल

दुसरा प्रकार विडंबनाचा. मराठी वाचकाला विडंबन म्हटले की आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात. १९२५ साली आलेल्या त्या पुस्तकाने तेव्हाच्या कवींच्या सवयींची यथेच्छ थट्टा केली. ती समजायला मूळ कविता माहीत असाव्या लागत. आज उलटे झाले आहे. मुले आधी नक्कल पाहतात आणि मूळ गोष्ट नंतर, कधी कधी तर कधीच नाही.

'ऑगी अँड द कॉक्रोचेस' ही मालिका फ्रान्सची. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ह्या मालिकेत एक मांजर आणि तीन झुरळे आहेत, आणि मूळ मालिकेत ती बोलतच नाहीत. आपल्याकडे हिंदीत आणताना त्यांच्या तोंडी संवाद घातले गेले आणि तेही सिनेनटांच्या आवाजांची नक्कल करून. ऑगी शाहरुख खानसारखा बोलू लागला, त्याचा भाऊबंद जॅक सनी देओलसारखा. माझ्या मुलाने सनी देओलचा सिनेमा पुढे कधीतरी पाहिला, तेव्हा तो ओरडला, "अम्मी, हा तर जॅकच्या आवाजात बोलतोय!"

'मोटू पतलू' ही मुळात 'लोटपोट' ह्या हिंदी बालपत्रिकेतली जोडी. २०१२ मध्ये ती टीव्हीवर आली, तेव्हा फुरफुरी नगरात अख्खा हिंदी सिनेमा राहायला आला. जॉनला डॉन व्हायचे आहे. तो यमके जुळवून बोलतो आणि हाताखालच्या माणसांना नावे न देता नंबर देतो. म्हणजे आपण लहानपणी पाहिलेल्या सगळ्या खलनायकांची एकत्र टिंगल. चिंगम हा दक्षिणेकडच्या सिनेमातल्या नायकांच्या ऐटीवर बेतलेला. त्याचा गॉगल, त्याची चाल आणि त्याचे हेलकावे घेणारे हिंदीसुद्धा.

ह्या शेवटच्या गोष्टीपाशी जरा थांबू. कारण ती माझ्या वर्गात शिरली.

वर्गात आलेला चिंगम

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एक नवा मुलगा दाखल झाला. वडिलांना इथल्या एमआयडीसीत काम मिळाले, म्हणून कुटुंब आंध्रातून नगरला आले होते. घरात तेलुगू वळणाची दखनी. मराठी तर नवीनच. मी त्याला धडा वाचायला उभे केले. त्याने पहिले वाक्य वाचले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "चिंगम!"

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसले. थोडेसेच, पण मुलांना टीचरचे थोडेसे हसू पुरते. ती परवानगी ठरली.

पंधरा दिवसांत त्याचे खरे नाव वर्गातून नाहीसे झाले. हजेरीला तो उभा राहिला की कोणीतरी बोटांची बंदूक करून वर रोखायचा आणि बाकीचे डोक्यावर हात धरायचे. तो सुरुवातीला हसत असे. मग हसेनासा झाला. मग वाचायला सांगितले की 'घसा दुखतो' म्हणू लागला. पालकसभेला त्याची आई आली, तेव्हा तिने तक्रार केली नाही. हळूच एवढेच विचारले, "मॅडम, हे चिंगम म्हणजे काय? तो घरी बोलायचाच बंद झालाय. धाकट्या बहिणीलाही म्हणतो, तू असं बोलू नको, तुला पण म्हणतील."

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा टीव्ही चालूच होता. चिंगमच्या डोक्यावर काहीतरी पडले, मुलगा हसला आणि दुसऱ्या क्षणी चिंगम पुन्हा ताठ उभा होता. मी पाहत राहिले. ह्याला काहीच कसे होत नाही?

नगरचा एक विनोदवीर

ह्या प्रश्नावर विचार करताना मला एक माणूस आठवला. तो जन्माने नगरकर, पण आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत आहे. त्याचे नाव स्पाइक मिलिगन. वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत, म्हणून १६ एप्रिल १९१८ रोजी ह्याचा जन्म अहमदनगरचा. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. पुढे कुटुंब इंग्लंडला परतले आणि १९५१ पासून १९६० पर्यंत बीबीसी रेडिओवर चाललेल्या 'द गून शो'ने त्याचे नाव केले. लेखन मुख्यतः त्याचेच. विडंबन आणि पालुपद ही त्या कार्यक्रमाची दोन चाके. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' ह्या कादंबरीवरच्या बीबीसीच्याच नाटकाने खळबळ उडवली, तेव्हा काही आठवड्यांत ह्या मंडळींनी '१९८५' नावाचा भाग करून आपल्याच मालकांची खिल्ली उडवली. पुढे १९९० च्या दशकात परीकथांची थट्टा करणाऱ्या 'वुल्व्ह्ज, विचेस अँड जायंट्स' ह्या ब्रिटिश कार्टून मालिकेला निवेदकाचा आवाज मिळाला, तो ह्याच माणसाचा.

गून शोमध्ये ब्लूबॉटल नावाचा एक भाबडा पोरगा होता. जवळजवळ प्रत्येक भागात कोणीतरी त्याला फसवून स्फोटाच्या तोंडी द्यायचे. धडाम आवाज व्हायचा, पोरगा आपण मेल्याची तक्रार करायचा आणि पुढच्या आठवड्यात धडधाकट हजर! श्रोते त्याच्या मरणाची वाट पाहत, कारण ते मरण नव्हतेच. आजच्या कार्टूनचा सगळा कारभार ह्याच नियमावर चालतो. कड्यावरून पडा, रोलरखाली चेपा, भाग संपला की सगळे पुसून कोरे.

पण मिलिगनला खरा स्फोट ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत शत्रूच्या तोफगोळ्याने तो जखमी झाला. अंगावरची जखम भरली, मनावरची भरली नाही. गून शो लिहिण्याच्या काळातही त्याला मानसिक आजाराने गाठले आणि तो पुढे आयुष्यभर मागे राहिला. दर आठवड्याला ब्लूबॉटलला जिवंत करणाऱ्या लेखकाला स्वतःचा मागचा भाग पुसता आला नाही.

माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. चिंगमचा प्रत्येक भाग कोरा सुरू होतो. माझ्या वर्गातल्या मुलाचा मंगळवार कोरा नव्हता. त्यात सोमवार शिल्लक होता.

आपली नक्कल झाली तेव्हा

उरलेले अर्धे उत्तर मिलिगनच्याच दुसऱ्या कामात आहे आणि ते कौतुकाचे नाही. गून शोमध्ये बॅनर्जी आणि लालकाका अशी दोन हिंदी माणसे येत. मिलिगन आणि पीटर सेलर्स हे त्यांचे इंग्रजी हेल काढून बोलत आणि लोक हसत. १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' ह्या टीव्ही मालिकेत तर मिलिगनने तोंडाला तपकिरी रंग फासून कारखान्यात काम करणारा अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी माणूस रंगवला. ती मालिका सहा भागांत गुंडाळावी लागली. तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांत आपल्या उपखंडातले हजारो कामगार राबत होते. त्यांच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागले असेल, त्याची कल्पना करायला मला आता इतिहासाचे पुस्तक लागत नाही.

अमेरिकेतल्या 'द सिम्पसन्स' ह्या जगप्रसिद्ध कार्टूनमध्ये अपू नावाचा हिंदी दुकानदार आहे.  त्याचा आवाज अनेक वर्षे हँक अझारिया ह्या गोऱ्या नटाचा होता आणि गिऱ्हाइकाला निरोप देण्याचे अपूचे ठरलेले वाक्य हे त्याचे पालुपद. हरी कोंडाबोलू ह्या भारतीय वंशाच्या अमेरिकी विनोदवीराने २०१७ मध्ये ह्या पात्रावर माहितीपट केला. त्याचे म्हणणे साधे होते. टीव्हीवर आमच्यासारखा दिसणारा जवळपास एकच माणूस होता, म्हणून शाळेत आम्ही सगळे अपू झालो. अझारियाने २०२० मध्ये तो आवाज देणे थांबवले आणि पुढच्या वर्षी माफीही मागितली.

ही हकीकत वाचताना आपल्याला लगेच पटते, कारण तिथे टिंगल आपली आहे. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यात सुरमा आणि तोंडात पान घातले की 'मुसलमान' तयार होतो, ह्याचा आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. पण दक्षिणेकडचा माणूस हेल काढून बोलला, बिहारचा मजूर बोलला, तोतरा बोलला, की आपल्याच दिवाणखान्यात आपण पोट धरून हसतो. मी हसले होते. आपली नक्कल झाली की अपमान आणि दुसऱ्याची झाली की करमणूक, हा हिशेब बरोबर नाही.

एकच शब्द, दोन अर्थ

मग मुलांना विनोदापासून दूर ठेवायचे का? मुळीच नाही. हसणारे घर हे नशीबवान घर. फरक ओळखायला शिकवले पाहिजे आणि त्यासाठी मला माझ्या दोन भाषांनी एक शब्द दिला.

मराठीत 'लकब' म्हणजे माणसाची खास ढब, सवय. उर्दूत 'लक़ब' म्हणजे माणसाला चिकटवलेले नाव. चांगल्या विनोदवीराला मराठीतली लकब दिसते. घसीटारामाची बढाई, जॉनची डॉन होण्याची हौस, सिनेनायकाची ऐट ही सोंगे आहेत, आणि सोंगावर हसलेले सोसवते, कारण ते अंगावरून उतरवता येते. बोलण्याचा हेल, रंग, जाड-बारीक अंग, अडखळणारी जीभ हे उतरवता येत नाही. त्यावर रोज हसले की मराठीतली लकब उर्दूतला लक़ब होते आणि माणसाचे नाव खाऊन टाकते.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवण्याची आणि नावे ठेवून हाक मारण्याची मनाई आहे, हे आपल्या घरातले पोरही सांगेल. तिथे टोपणनावांसाठी आलेला शब्द ह्याच लक़बचे अनेकवचन आहे. मी तो अनेकदा वाचला होता. वर्गात तो घडताना मात्र मला ऐकू आला नाही.

घरी एक सोपी गोष्ट करता येते. रोज नाही जमले तरी आठवड्यातून एकदा मुलांबरोबर बसून एक भाग पाहा आणि संपल्यावर विचारा, "तुला हसू नेमके कशाचे आले?" बढाईचे आले की बोलण्याचे? तो खोटेपणाने पडला म्हणून, की जाड आहे म्हणून? उपदेश करू नका, नुसते विचारा. माझा मुलगा पहिल्या दिवशी वैतागला. आता तो स्वतःच सांगतो, "अम्मी, हा जोक लकबवाला आहे, आणि हा लक़बवाला."

आणि तो मुलगा?

पालकसभेनंतरच्या सोमवारी मी वर्गात आधी माझी चूक सांगितली. पहिल्या दिवशी मी हसायला नको होते, असे म्हणाले. वर्ग चिडीचूप झाला. मुलांना ह्याची सवय नसते. मग मी गृहपाठ दिला: प्रत्येकाने एक कार्टून लिहायचे. पालुपद हवे, नक्कल हवी. अट एकच. थट्टा स्वतःची करायची किंवा आपल्यापेक्षा मोठ्या माणसाची, आणि तीही अशा गोष्टीची जी तो मनात आणले तर सोडू शकेल.

वह्या आल्या. कोणी मोबाइल शोधताना मोबाइलच्याच उजेडात शोधणारे अब्बा लिहिले होते, कोणी 'आज शेवटचं सांगते' असे रोज सांगणारी दादी. मागच्या बाकावरच्या त्या पहिल्या आरोळीवाल्याने स्वतःला लिहिले होते. गणिताच्या तासाला ज्याला नेमके तेव्हाच पाणी प्यायला जायचे असते, असा मुलगा.

नव्या मुलाने एक टीचर लिहिली होती. तास संपल्याची घंटा झाली की ती म्हणते, 'फक्त एक मिनिट!' आणि खडू उचलते. त्या एका मिनिटात मधली सुट्टी संपते, पावसाळा संपतो, मुलांना दाढ्या फुटतात, शाळेला नवा रंग लागतो. टीचरचे मिनिट चालूच.

मी विचारले, "वाचतोस?" तो क्षणभर थांबला. मग उठला आणि त्याच्या त्याच तेलुगू वळणाच्या बोलीत वाचू लागला. दुसऱ्यांदा 'फक्त एक मिनिट' आले तेव्हा अर्धा वर्ग त्याच्याबरोबर म्हणाला, तिसऱ्यांदा सगळा वर्ग. हसताना मुले त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

सगळे एका दिवसात बदलले असे नाही. 'चिंगम' त्यानंतरही दोन-चारदा ऐकू आले, पण वर्गच एकमेकांना गप्प करू लागला. वर्षाअखेरीस हजेरीला त्याचे नाव घेतले की वर्गात फक्त त्याचाच आवाज येई.

त्या दिवशी वाचन संपता संपता मधल्या सुट्टीची घंटा झाली. मला मुलांना अजून थोडे सांगायचे होते. हात सवयीने खडूकडे गेला, तोंड उघडले, आणि समोर चाळीस चेहरे श्वास रोखून माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "जा, डबे खा."